घरातल्या मांजराची खिडकी

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी आजवर इथे बाळंतिणीच्या आहारावर भाषणे झाली, बचतीवर झाली, मुलांच्या अभ्यासावर झाली. मी मात्र आज मांजरावर बोलणार आहे. तेही सगळ्या मांजरावर नव्हे, तर घरात राहणाऱ्या मांजराला खिडकीत बसायला जागा कशी करावी, एवढ्यावरच. काही जणी हसत आहेत हे मला दिसते आहे. हसा, खुशाल हसा. पण आपल्या इमारतीत आज निदान अकरा घरांत मांजर आहे, आणि त्या अकरांतल्या तीन घरांची मांजरे गेल्या दोन वर्षांत खिडकीतून खाली पडली, हे आठवा म्हणजे विषय वाटतो तेवढा हसण्यावारी नेण्याजोगा नाही हे पटेल.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. जे सांगणार आहे त्यातले बरेचसे हाताने करून पाहिलेले आहे. काही जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेले आहे, आणि काही माझ्या मुलीने वाचून समजावलेले आहे.

आपली चाळ २०१७ साली पाडली आणि २०२२ साली आपण या नव्या इमारतीत राहायला आलो. चाळीत मांजर एका घरचे नसे. सकाळी एकीच्या दारात दूध, दुपारी दुसरीच्या दारात माशाचे डोके, रात्री तिसरीच्या उंबऱ्यावर झोप. लांबच लांब सज्जा, खाली चौक, वर कौले. मांजराला हिंडायला, बसायला, बघायला काही कमी नव्हते. आता आपण वर चढलो, दारे बंद झाली, दाराला सुरक्षेची जाळी आली. खाली गाड्यांची वर्दळ आणि कुत्री. म्हणून आपण मांजराला घरातच ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. घरात ठेवलेले मांजर गाडीखाली जात नाही, मारामारीत फाटत नाही, त्याला रोगराईही कमी होते. पण त्याचा सज्जा गेला, चौक गेला, कौले गेली. त्या सगळ्याच्या बदली त्याच्याकडे उरली ती एक खिडकी.

मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपून काढते. उरलेल्या वेळात त्याला काही तरी हलताना बघायला लागते. पान हलले, पाखरू उडाले, खालून भाजीवाला गेला, एवढ्यावर त्याचा वेळ जातो. बघायला काहीच नसले की तेच मांजर पडदे फाडते, पलंगाची गादी ओरबाडते, नाही तर नुसते खात सुटते आणि लठ्ठ होते. तेव्हा खिडकीतली जागा हे मांजराचे लाड नव्हेत. ती त्याची गरज आहे.

आता मुद्द्याला येते. जागा निवडण्याआधीची पहिली गोष्ट म्हणजे जाळी. जाळी नसेल तर फळीचा विचारच करू नये.

आपल्याकडे सर्रास म्हणतात की मांजर कितीही उंचावरून पडले तरी चार पायांवरच पडते, त्याला काही होत नाही. यातले अर्धे खरे आहे. पडता पडता हवेतच अंग वळवून पाय खाली करण्याची कला मांजराला उपजतच असते. फ्रान्समधल्या मारे नावाच्या शास्त्रज्ञाने १८९४ साली पडत्या मांजराची एकामागून एक छायाचित्रे काढून ती दाखवलीही होती. पण पायांवर पडणे निराळे आणि धडधाकट राहणे निराळे. न्यूयॉर्क शहरातल्या जनावरांच्या एका दवाखान्यात १९८४ साली पाच महिन्यांत उंच इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे आली. तिथल्या डॉक्टरांनी त्यांची हकीकत १९८७ साली छापली. ज्यांच्यावर उपचार केले त्यांतली शंभरातली नव्वद वाचली. हे ऐकून लोक म्हणतात, बघा, मांजर वाचतेच! पण त्यांच्या छातीला मार होता, जबडे फुटले होते, पाय मोडले होते, आणि एक तृतीयांशाहून अधिक मांजरांचा जीव तातडीच्या उपचारांनी वाचवावा लागला. शिवाय जी जागच्या जागी मेली ती दवाखान्यात कोण नेणार? ती हिशेबात आलीच नाहीत.

आपल्या इमारतीतलेच सांगते. चौथ्या मजल्यावरच्या एका काकूंचे मांजर २०२४ च्या मे महिन्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून कबुतरावर झेपावले. वाचले, पण जबड्याला तार घालावी लागली, आणि महिनाभर काकूंनी त्याला पातळ अन्न भरवले. मांजर मूर्ख म्हणून पडत नाही. पाखरू दिसले की त्याला दुसरे काही दिसत नाही, आणि गाढ झोपेत कूस बदलतानाही ते कडेवरून घसरते. तरुण मांजरे अधिक पडतात, आणि उकाड्यात खिडक्या उघड्या असतात तेव्हा अधिक पडतात. आपल्यात मांजर मारणे मोठे पाप मानतात. षष्ठीदेवीचे ते वाहन. मग खिडकी उघडी टाकून ते मेले तर ते कोणाच्या पदरात जाईल, याचा विचार आपणच करावा.

जाळी कशी असावी? डास अडवणारी जाळी चालत नाही. ती नुसती चिकटपट्टीवर नाही तर चुंबकावर धरलेली असते. मांजराने अंग टेकले की मांजरासकट बाहेर. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी त्यापेक्षा बरी, पण दातांनी आणि नखांनी ती एकेक दोरा करून तुटते. महिन्यातून एकदा हात फिरवून तपासली पाहिजे. सर्वांत चांगली बारीक पोलादी तारेची, न गंजणारी, चौकटीला स्क्रूने पक्की केलेली. नुसत्या गजांवर विसंबू नये. मांजराच्या खांद्याचे हाड आपल्यासारखे जखडलेले नसते, म्हणून डोके गेले की मागोमाग अंग जाते. पिल्लू असेल तर एक इंचाहून मोठी फट ठेवू नये. आणि सरकत्या काचेच्या खिडकीला आतून खटका लावावा. पंजाने काच सरकवायला मांजर दोन दिवसांत शिकते. जाळी आतल्या बाजूने बसवली तर इमारतीचे बाहेरचे रूप बदलत नाही, आणि सोसायटीशी वादही होत नाही.

दुसरी गोष्ट, खिडकी कोणती निवडावी.

मांजराला ऊब फार प्रिय. त्याच्या अंगाची उष्णताच आपल्यापेक्षा अधिक, थर्मामीटरवर १०१ ते १०२ पर्यंत. त्याचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या, उन्हाळ मुलखातले रानमांजर. म्हणून आपल्याला घाम फुटतो तिथे ते सुखाने पसरते. पूर्वेच्या खिडकीत सकाळचे कोवळे ऊन येते, ती बारा महिने चांगली. दक्षिणेची खिडकी थंडीत उत्तम, कारण त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पश्चिमेची खिडकी मात्र एप्रिल-मेमध्ये भट्टी होते. तीच एक असेल तर दुपारी पडदा ओढावा, आणि मांजराला सावलीत उतरायला वाट ठेवावी. मांजर पांढरे असेल, कानांची टोके गुलाबी असतील, तर उघड्या खिडकीतल्या कडक उन्हात त्याला तासन् तास बसू देऊ नये. अशा कानांना उन्हाने कर्करोग होतो असे डॉक्टर सांगतात. कानांच्या कडेला न भरणारी खपली दिसली की लगेच दाखवावे.

ऊन झाले, मग दृश्य. झाड दिसत असेल, रस्ता दिसत असेल तर छानच. पण समोरच्या पत्र्यावर परका बोका येऊन बसत असेल तर ती खिडकी टाळावी, निदान तिचा खालचा भाग कागदाने झाकावा. तो बोका दिसला की आपले मांजर फुगते, गुरगुरते, घरात जागोजाग मुतून खुणा करते, आणि त्याच्यावरचा राग जवळ येईल त्याच्यावर काढते, मग ते घरातले दुसरे मांजर असो की आपला हात. आपण म्हणतो, याला आज झाले तरी काय? झालेले असते ते खिडकीबाहेर.

स्वयंपाकघराची खिडकी शेगडीजवळ असेल तर ती नकोच.

तिसरी गोष्ट, बसायची जागा. बाजारात हल्ली तऱ्हेतऱ्हेच्या मिळतात. त्यांचे मी चार प्रकार करते.

पहिला प्रकार काचेला रबरी वाट्या चिकटवून टांगलेल्या झोळीचा. दिसायला सुरेख, भिंतीला भोक पाडावे लागत नाही, म्हणून भाड्याच्या घरात लोक तो घेतात. पण त्या वाट्या गुळगुळीत, स्वच्छ काचेवरच धरतात. खरखरीत काचेवर किंवा ऊन अडवायचा कागद लावलेल्या काचेवर त्या धरत नाहीत. काच उन्हाने तापते, रात्री निवते, तशी त्यांची पकड सैल होत जाते. घ्यायचीच असेल तर काच साबणाने धुऊन, कोरडी करून, मग वाट्या दाबाव्या, आणि दर आठवड्याला पुन्हा दाबून पाहाव्या. शिवाय आपल्या खिडक्या सरकत्या. ज्या काचेला झोळी लावली ती पुढे सरकत नाही, हे विकत घेण्याआधी ध्यानात घ्यावे. लठ्ठ बोक्याला हा प्रकार मी सांगणार नाही.

दुसरा प्रकार खिडकीच्या कट्ट्यावरच बसवायच्या फळीचा. आपल्या इमारतीत खिडकीला दगडी कट्टा आहे, पण तो जेमतेम सहा इंच रुंद. मांजर त्यावर बसते, पण निजू शकत नाही. त्यावर रुंद फळी ठेवून पुढून तिला आधार दिला की काम होते. नुसती ठेवलेली फळी मात्र उलटते. ती पक्की केलीच पाहिजे.

तिसरा प्रकार भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून बसवलेल्या फळीचा. माझ्या मते सर्वांत भरवशाचा हाच. सुतार तासाभरात करून देतो. जुना लाकडी पाटसुद्धा चालतो. आमच्याकडे एक पाटच आहे, माझ्या लग्नातला.

चौथा प्रकार खिडकीशी ठेवलेल्या उंच स्टुलाचा किंवा कपाटाचा. काही ठोकायचे नसेल तर हा चांगला, फक्त पाया जड आणि रुंद हवा. उडी मारल्यावर हलले की मांजर पुन्हा त्यावर जात नाही.

आता माप. चांगले वाढलेले मांजर शेपटी सोडून साधारण दीड फूट लांब असते. म्हणून फळी निदान २० इंच लांब आणि १२ इंच रुंद असावी. बोका मोठा असेल तर दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच वाढवावे. मांजराचे वजन असते तीन ते पाच किलो. पण ते अलगद येऊन बसत नाही, उडी मारून येते. त्या क्षणी फळीवर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. मी दुकानदाराच्या शब्दावर जात नाही. फळी लागली की तिच्यावर तांदळाचे १५ किलोचे पोते एक रात्र ठेवते. सकाळी फळी जराही झुकली नसेल तरच मांजराला मोकळीक.

फळी गुळगुळीत ठेवू नये. वर गोधडी घालावी. जुन्या सुती लुगड्याची छोटी गोधडी शिवावी, चार कोपऱ्यांना नाड्या लावाव्या, आणि त्या फळीच्या खाली घट्ट बांधाव्या. म्हणजे उडी मारताना ती सरकत नाही आणि सोडून धुताही येते. अशा दोन असाव्या, पावसाळ्यात एक वाळेपर्यंत दुसरी. पावसाळ्यात खिडकीशी झड येते. साधे प्लायवूड फुगते, त्याला बुरशी धरते. पाणी सोसणारे प्लायवूड घ्यावे किंवा सागाची फळी घेऊन तिला वार्निश द्यावे.

चौथी गोष्ट चढण्या-उतरण्याची. तरुण मांजर पाच फूट सहज चढते, म्हणून आपण विचार करत नाही. पण मांजर म्हातारे होते, आणि ते सांगत नाही. अमेरिकेत २००२ साली बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे पाहिले, तर नव्वदांच्या सांध्यांत झीज सापडली. आमचा बोका चाळीतला, आता चौदा वर्षांचा आहे. मध्यंतरी तो खिडकीखाली उभा राहून नुसता वर बघायचा. आम्हाला वाटले, याचा रस गेला. डॉक्टर म्हणाले, रस नाही गेला, गुडघे गेले. तेव्हा मधे दोन पायऱ्या केल्या, एक पेटी आणि एक स्टूल, नऊ-नऊ इंचांच्या अंतराने. दुसऱ्या दिवशी स्वारी वर.

घरात दोन मांजरे असतील तर दोन जागा कराव्या, एक थोडी उंच आणि एक थोडी खाली, आणि उतरायला दोन वाटा ठेवाव्या. एकच जागा आणि एकच वाट असली की दांडगे मांजर वाटेत बसून राहते आणि गरीब मांजर दिवसभर पलंगाखाली राहते. भांडण आपल्या कानांवर येत नाही, म्हणून ते नाही असे नव्हे.

आता एक घरगुती गोष्ट सांगते, कारण असा पेच तुमच्याकडेही पडू शकेल. आमच्या घरात सकाळचे ऊन येणारी खिडकी एकच. सासूबाईंचे खुब्याचे हाड २०२३ साली मोडले, तेव्हापासून त्यांची कॉट त्या खिडकीशी आहे. मांजरांनाही तीच खिडकी हवी. मी तिथे फळी लावायचे काढले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माणसांना जागा नाही आणि मांजराला माडी!" त्यांचे चुकीचे नव्हते. आमच्या यांनीही कपाळाला हात लावला.

मी दोरीने मापे घेतली. सासूबाई उशीला टेकून बसल्या की त्यांची नजर खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून जाते. म्हणून फळी वरच्या भागात, त्यांच्या पायांच्या बाजूला लावली. चढायची वाट कॉटवरून न नेता पलीकडून नेली, म्हणजे रात्री अंगावर धप्पकन कोणी पडायला नको. केस खाली गळू नयेत म्हणून फळीला कापडाची झालर शिवली. आठ दिवस सासूबाई बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते, तो त्यांची हाक आली, "अगं, ही मनी कोणाला बघून शेपूट हलवते आहे? तो इस्त्रीवाला आला वाटते!" खरेच तो आला होता. तेव्हापासून खाली कोण आले, कोण गेले, हे मला बाहेर न डोकावता कळते.

सासूबाई साठ वर्षे चाळीच्या सज्जात बसून धान्य निवडत होत्या. त्यांचाही सज्जा गेला होता, आणि तेवढ्यात चालणेही गेले. मांजराच्या निमित्ताने मी त्या खिडकीची मापे घेतली, तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आले की त्यांची उशी चार इंच खाली होती आणि त्यांना रस्ता दिसतच नव्हता, नुसते आभाळ दिसत होते. उशी उंच केली. भगिनींनो, ज्याचे बाहेर जाणे थांबले आहे त्याला बाहेर बघायला मिळाले पाहिजे, मग ते जनावर असो की माणूस. आपल्या इमारतीत कॉटवर असलेली आणखी तीन-चार वडीलधारी माणसे आहेत. त्यांच्या उशाशी एकदा बसून, त्यांच्या नजरेच्या उंचीवरून खिडकीकडे पाहा, एवढे मी सुचवते.

शेवटी दोन-तीन धोक्याच्या सूचना. खिडकीत कुंड्या असतात. लिलीचे झाड किंवा लिलीच्या फुलांचा गुच्छ मांजराजवळ कधीही ठेवू नका. तिचे पान, फूल, पराग, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना मारक आहे. खाल्ल्याची शंका आली तरी वाट न बघता डॉक्टरांकडे न्यावे. मनीप्लँट चघळला तर तोंडाची आग होते, लाळ गळते. तोही दूर टांगावा. पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या गळ्यात अडकतात, त्या वर बांधून टाकाव्या.

आणि जागा तयार झाली की मांजराला उचलून तिथे बसवू नये. जबरदस्तीने बसवले की ते त्या जागेचा धसका घेते. त्याच्या अंगाखालचे जुने फडके तिथे ठेवावे, सुक्या मासळीचा तुकडा ठेवावा आणि आपण आपल्या कामाला लागावे. दोन दिवस लागोत, नाही तर पंधरा. इतके करूनही ते शेजारच्या रिकाम्या खोक्यातच जाऊन बसले तर खोकेच खिडकीशी न्यावे. मांजराचे मन मांजरच जाणे.

आमच्या फळीला ब्रॅकेट, स्क्रू आणि सुताराची मजुरी एवढाच खर्च आला. पाट घरचा, गोधडी घरची. जाळीला अधिक लागतात, आणि तिथे हात आखडू नये. आपल्या अकरा घरांनी मिळून एकदम जाळी बसवून घेतली तर कारागीर भाव कमी करायला तयार आहे. मी विचारून ठेवले आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी खिडकीचे माप घेऊन पुढच्या भिशीच्या दिवशी माझ्याकडे नाव द्यावे. मे महिन्याच्या आत हे काम व्हावे अशी माझी इच्छा आहे.